न निघालेल्या गाडीचा इसार

आमच्या वरच्या खोलीतल्या माणसाशी दारातून बोलता येत नसे. खिडकीपाशी जावं लागे. दार होतं ते त्यांच्या स्वतःच्या येण्याजाण्यासाठी आणि माझ्या चहासाठी. बाकी कोणीही असो, मीटरचं रीडिंग घेणारा असो, विहाराची वर्गणी मागणारे असोत, त्यानं लोखंडी जिना चढायचा, गच्चीवर यायचं, खिडकीसमोर उभं राहायचं आणि काय ते विचारायचं. खिडकीच्या वर पत्र्याची एक जुनी पाटी टांगलेली होती, तिच्यावर लिहिलेलं, 'चौकशी'. बसस्टँडची रंगरंगोटी झाली तेव्हा ती भंगारात निघाली होती. यांनी रीतसर अर्ज करून ती मागून घेतली आणि अर्जाची नक्कलही जपून ठेवली.

माणूस वाशीमच्या बसस्टँडवर कंट्रोलर होता. गाड्या लावायच्या, सोडायच्या, भोंग्यावर ओरडायचं, आणि खिडकीत बसून 'केनवड कधी, रिठद कधी' याची उत्तरं द्यायची. उभी नोकरी खिडकीच्या आत गेली. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, खिडकी काही सुटली नाही.

त्यांना नाव होतं, पण गल्लीत ते कोणी घेत नसे. सगळे कंट्रोलरच म्हणत. मी भाऊ म्हणायची, कारण आमचे मालक डेपोच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते आणि हे दोघं वर्षानुवर्षं एका डब्यात जेवले. मालक गेले, वरची खोली रिकामीच होती, यांची बायको आधीच गेलेली. एक दिवस हे पेटी घेऊन आले आणि म्हणाले, "वैनी, हे ठिकान मुक्कामाले बरं वाटते." तसे आले आणि राहिले.

आवाज असा की बोलायला लागले तर भांडी वाजत. आणि सवय अशी की स्वतःची प्रत्येक हालचाल जाहीर करायची. चहाची वेळ झाली की गच्चीवरून आवाज यायचा, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गच्चीहून स्वयंपाकघराकडे जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." ही भाषा फक्त घोषणेपुरती. खाली येऊन पाटावर टेकले की लगेच आपली वऱ्हाडी. "लय साखर टाकली आज, कोनाचं लगन आहे काय?" शेजारणीचा जावई आला की वरून घोषणा व्हायची, अमुक गावाहून सासुरवाडीकडे येणारी गाडी फलाटावर लागली आहे. त्या बिचाऱ्या जावयाला गल्लीत शिरताना चोरासारखं वाटत असेल. शेजारीण एकदा तणतणत वर गेली. खिडकीसमोर उभी राहिली, तर हे आतून म्हणाले, "बोला, कुठी जायचं आहे?" ती हसायलाच लागली. भांडण राहूनच गेलं.

घड्याळ ते बघत नसत. "केनवडच्या टायमाले भाजी टाका." "रिठद मुक्कामी लागली की दिवा लावू." त्यांच्या सोबतीनं माझंही घड्याळ सुटलं. आजही मला चार वाजले हे कळत नाही, केनवडची गाडी सुटली असेल हे मात्र बरोबर कळतं.

फंडाचे पैसे आले तेव्हा लोकांनी वाट पाहिली की हा प्लॉट घेतो की लेकीला दागिना करतो. यांनी कॉम्प्युटर घेतला. त्यांची एकुलती लेक, सुजाता, पुण्याला नोकरी करते. ती सुट्टीत आली होती, तेव्हा तिनं त्यात एक खेळ टाकून ठेवला आणि गेली. लेक काय ठेवून गेली ते बघावं म्हणून यांनी तो उघडला, आणि झालं.

आता हा खेळ मला तुम्हाला सांगावा लागेल, नाहीतर माणूस कळायचा नाही. पडद्यावर एक मोठा नकाशा असतो. डोंगर, नद्या, जंगलं. त्यात वेगवेगळी राज्यं. एका राज्यात मेलेली माणसं उठून लढतात. एकात झाडं चालतात. एकात ठेंगणी माणसं डोंगर पोखरून सोनं काढतात. वर अजगराएवढे उडते प्राणी, जादू करणाऱ्या बाया, सगळं. आपण एका राज्याचे राजे. एक चाल आपली, मग एक दुसऱ्याची. घाई नाही, धावपळ नाही. चहा गार होईस्तोवर विचार केला तरी चालतं. म्हाताऱ्या माणसांनीच खेळावा असा खेळ आहे, तरुण पोरांच्या हाती कसा लागला कोण जाणे.

लोक म्हणे आधी फौज उभी करतात. हे आधी रस्ते बांधायचे. मेलेल्यांचं राज्य घ्यायचे, कारण त्यांचं म्हणणं, "यायले रजा लागत नाही, ओव्हरटाइम मांगत नाहीत अन् डबा आनत नाहीत." आणि त्या मेलेल्या माणसांना कामाला लावून गावोगाव रस्ते. शत्रू सरहद्दीवर येऊन उभा राहिला तरी यांचं पुलाचं काम चालू.

"भाऊ, तो राक्षस आला ना दारात."

"येऊ द्या. त्याच्या मागं दाना-पानी यायले रस्ता आहे काय? नाही. उपाशी किती दिवस उभा राहन?"

आणि खरंच तो राक्षस दोन-चार चालीत मागं फिरायचा. मला त्याची दया यायची.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं सगळं विहारातल्या पुस्तकांच्या कपाटानं शिकवलं. पण मशीनला हात लावायची भीती होती. चहा घेऊन वर जायची आणि मागं उभी राहायची. एक दिवस त्यांनी विचारलं, "वैनी, ह्या पुलावर कोनाले उभं करू?" मी म्हटलं, "म्हाताऱ्याले करा, तरने पुढं कामाले लागतीन." त्यांनी केलं, आणि पूल टिकला. दुसऱ्या दिवशी खोलीत दुसरी खुर्ची आली.

मी चालत्या झाडांचं राज्य घेतलं. त्यातलं एक झाड हुबेहूब आमच्या माहेरच्या बांधावरच्या बाभळीसारखं दिसायचं, म्हणून मी सगळ्या फौजेलाच बाभळी म्हणायची. एकच मशीन, म्हणून आळीपाळीनं खेळायचं. माझी चाल असली की हे उठून खुर्ची फिरवत आणि खिडकीतून रस्त्याकडे तोंड करून बसत, म्हणजे माझं काही दिसू नये. त्यांची चाल असली की मी तशी बसायची. इतक्या वर्षांत हे एकदाही मागं वळले नाहीत. मी मात्र वळत नसले तरी खिडकीच्या काचेत मला बरंच दिसायचं.

"वैनी, काचेत दिसते काय तुमाले?"

"थोडं थोडं."

"मंग पडदा ओढा. नियम म्हंजे नियम."

पडदा ओढला, आणि त्या दिवसापासून मी हरायला लागले.

तर या खेळाचा नवा भाग येणार, असं त्यांनी एक दिवस घोषणा करून सांगितलं. कित्येक वर्षांनी येत होता. त्यात दूरच्या गावी असलेल्या माणसाशीही एकेक चाल खेळता येणार होती. नवी राज्यं, समुद्र, आणि यांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं म्हणजे बोगदे खणता येणार. माणूस दोन दिवस बोगद्यांबद्दलच बोलत होता. तिसऱ्या दिवशी चहाला घोषणेशिवाय खाली आले.

"काय झालं? गाडी गुपचूप कशी आली?"

"भाव पायला."

भाव कंपनीनं डॉलरच्या देशात लावला तोच, रुपयात फिरवून, आपल्याला लावला होता. पेन्शनीचा चांगलाच लचका. "वैनी, तिकडच्या पोट्ट्याची हे एका संध्याकाळची मजुरी आहे," ते म्हणाले. "इकडं सोयाबीन सोंगनाऱ्या बाईनं किती दिवस वाकावं? भाव एक असला म्हंजे सारखा असते काय?"

गल्लीच्या तोंडाशी मोबाईलवाल्याचं दुकान आहे. तरतरीत माणूस, आमचं मशीन तोच बघायचा. तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "काका, लय सोपं आहे. खेळ घ्यायच्या खात्यात देश बदलून टाकू. अशे देश आहेत, जिथं हाच खेळ पाव किमतीत भेटते. कोनाले समजत नाही."

भाऊंनी आतून त्याला नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे केनवडचं तिकीट कापायचं अन् मुंबईले उतरायचं."

"काका, सगळेच करून राह्यले."

"मी जन्मभर अशेच उतरवले, बापू. आता त्यायच्यात जाऊन बसू काय?"

चोरी करायची नाही आणि भाव पटत नाही, मग उरलं काय? अर्ज. माणसाचा अर्जावर फार जीव. त्यांनी खेळ बनवणाऱ्या कंपनीला इंग्रजीत अर्ज लिहिला. वर विषय: दराबाबत. खाली संदर्भ. आणि मग मजकूर, जो त्यांनी मला मराठीत करून वाचून दाखवला. तो असा होता की, आमच्या बसमधी आमच्या वैनीले अर्धं तिकीट लागते, मले अजून पुरं लागते. बस तीच, सीट तशीच, खड्डे तेच अन् पोचायची वेळबी तीच. वैनी अर्ध्या तिकिटात बसली म्हून डिझल जास्त जळत नाही. उलट पयले वैनी पाहुण्याकडं जातच नव्हती, आता महिन्यातून जाते. रिकामी जानारी सीट भरून जाते. तुमच्या खेळालेबी डिझल लागत नाही. इचार करावा.

"मले कायले घातलं त्या कागदात?" मी विचारलं.

"पुरावा म्हून."

"अन् मी महिन्यातून पाहुण्याकडं जाते हे त्यायले कायले सांगा लागते?"

"खोटं आहे काय?"

खोटं नव्हतं. गेल्या वर्षभरात माझ्या इतक्या भाच्या मला आवडायला लागल्या होत्या की विचारू नका.

मला वाटलं, अर्ज गेला तो गेला. पण उत्तर आलं. कुठल्याशा थंड देशातली कंपनी, माणसं थोडीशीच, आणि लोकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला त्यांनी एक मुलगी बसवलेली. तिचं नाव मला आजही नीट घेता येत नाही. तिनं लिहिलं होतं की तुमचा अर्ज आम्ही सगळ्यांनी बसून वाचला. किंमत माझ्या एकटीच्या हातात नाही, मी शब्द देत नाही, पण विषय लावून धरीन. वैनींना नमस्कार सांगा. आणि ती बस कुठून कुठं जाते?

हे वाचताना भाऊंचा आवाज पहिल्यांदाच साधा, घरातल्या माणसासारखा आला. त्यांनी तिला सगळं टाइमटेबल लिहून पाठवलं.

आता इथं त्यांचा एक जुना नेम सांगायला हवा. हा माणूस कोणालाही आगाऊ पैसे देत नसे. दूधवाल्याला महिना झाल्यावर, पेपरवाल्याला महिना झाल्यावर, खोलीचं भाडंसुद्धा राहून झाल्यावर. कारण विचारलं तर म्हणायचे, "नदीले पूर आला, गाडी पलीकडं अडकली, अन् इकडं लोक तिकिटं घेऊन उभे. मी खिडकीत. तोंड मी दाखवायचं. जे गाडी डेपोतून निघालीच नाही, तिचं तिकीट मानसानं काढू नोये."

आणि तोच माणूस, त्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी, मला वर बोलावून म्हणाला, "वैनी, इसार द्यायचा आहे. साक्षीदार पायजे."

खेळ निघालेला नव्हता. कधी निघेल ते पक्कं नव्हतं. भाव तोच, डॉलरवाला. पण खेळ जिथून घ्यायचा त्या कॉम्प्युटरवरच्या बाजारात आधीच पैसे भरून आपला खेळ राखून ठेवायची सोय होती. मोबाईलवाला त्याला काहीतरी इंग्रजी म्हणायचा. भाऊंनी त्याला इसारच म्हटलं, आणि इसार म्हटला की त्याची रीत आली. बैलाचा असो की वावराचा, इसार द्यायचा तर समोर साक्षीदार हवा, दिल्यावर तोंड गोड करायचं, आणि मग देणाऱ्यानं फिरायचं नाही, घेणाऱ्यानं दुसऱ्याला विकायचं नाही.

"भाऊ, भाव तर तुमाले पटला नव्हता."

"अजूनबी नाही पटला."

"मंग?"

"ते पोरगी खिडकीवर आली, वैनी. लोक इचारतेत अन् आतला मानूस मान वर करत नाही, असं किती ठिकानी होते. हे उठली, इचारपूस केली, वरून बस कुठी जाते म्हनते. लहान कंपनी आहे. इसार कोनीच नाही देला तर तिची खिडकी बंद पडन."

त्यांनी उजव्या हातानं बटण दाबलं. मी साक्षीला उभी. मग मी खालून गूळ आणला, दोघांनी खाल्ला, आणि एक खडा त्यांनी मशीनसमोर ठेवला. तो तिचा, म्हणाले. मुंग्या लागल्या ते पुढं.

त्या उन्हाळ्यात सुजाता आली. बाप जिना कसा उतरतो ते तिनं खाली उभं राहून पाहिलं. आडवे होऊन, कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर थांबत. हे मी रोज बघायची, पण रोज बघितलं की दिसत नाही. तिला दिसलं. संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, आता पुण्याला चला. आमच्याकडे लिफ्ट आहे. गुडघ्याचं बघून घेऊ."

"येतो ना."

"कधी?"

"हा खेळ निघू दे. इसार देला आहे."

"खेळ तिकडेही खेळता येतो."

"निघू तर दे पयले."

सुजाता बापाचीच लेक. म्हणाली, "ठीक आहे. खेळ निघेल त्या दिवशी निघायचं. शब्द द्या." यांनी दिला. ती गेल्यावर मला म्हणाले, "वैनी, ह्या गाड्या टायमावर सुटत नसतात. मी उगाच शब्द नाही देला."

आणि तसंच झालं. खेळ दिवाळीत येणार होता, तो होळीवर गेला. होळीला कंपनीनं लिहिलं की खेळातल्या समुद्राचं काम राहिलंय. मग नुसतंच 'लवकरच'. दर वेळी त्या मुलीचं पत्र यायचं, माफ करा म्हणून. भाऊ ते वाचायचे, "संबंधित गाडी विलंबाने धावत आहे" अशी घोषणा करायचे, आणि मी त्या दिवशी पातोडीची भाजी करायची. त्यांना आवडते म्हणून करायची असं मी म्हणत असे. पण मलाच गोड वाटलेलं असायचं. खाली एकटं घर, वर तो आवाज. समुद्राचं काम राहिलं असेल तर सावकाश करा बाई, अशी माझी त्या मुलीला मनातल्या मनात चिठ्ठी होती.

मग तारीख आली. पक्की, महिन्यावर. आणि तारखेबरोबर दुसरीही बातमी. आपल्या देशासाठी वेगळा भाव लावला होता, जवळजवळ निम्मा. त्या मुलीनं भाऊंना वेगळं लिहिलं होतं. फक्त एवढंच की, तुमच्या वैनींचं अर्धं तिकीट मंजूर झालं.

मोबाईलवाला धावत जिना चढून आला आणि सवयीनं खिडकीशी उभा राहिला. "काका, तुमी जिंकले. पन ज्यानं थांबून घेतलं त्याले सस्तं, अन् तुमाले महाग पडलं. काही नाही, एक बटन आहे. वापस करा, पैसे येतेत, नव्या भावानं पुन्हा घ्या. दोन मिनिटाचं काम."

"म्हंजे इसार मोडायचा," भाऊ म्हणाले.

"मोडायचा काय त्याच्यात? कंपनीच देते वापस."

"पाहू," म्हणाले, आणि त्याला लावून दिलं.

मी आत होते. चहाचा कप माझ्या हातातच होता. मला जे बोलायचं होतं ते त्यांच्याकडे न बघताच बोलले.

"भाऊ, तो बरोबर म्हनते. वापस घ्या पैसे."

"इसार वापस घेत असतेत काय, वैनी?"

"बटन देलं आहे ना त्यायनं."

"साखळी रेल्वेतबी देली असते. म्हून ओढायची?"

"तसं नाही." मी कप खाली ठेवला. "इसार मोडला तर खेळ तुमचा नाही. खेळच तुमचा नाही तर त्याची तारीख तुमाले लागू नाही. अन् तारीखच लागू नाही, तर सुजाताले देलेल्या शब्दाचं काय राह्यलं? मंग काही महिन्यानं सावकाश घ्या खेळ. सस्ता."

 ते हसले, आवाज न करता.

"वैनी, तुमी खिडकीत बसायले पायजे होत्या. मले हे सकाळीच सुचलं."

"मंग?"

त्यांनी खुर्ची फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले, माझी चाल असताना बसायचे तसे.  केनवडची गाडी जाताना हॉर्न वाजला.

"त्या पोरीनं शब्द देला नव्हता," ते रस्त्याकडे बघतच म्हणाले. "तरी तिनं केलं. मी साक्षीदार उभा करून इसार देला, तो मी मोडू? अन् तो मोडला, तर सुजाताले देलेला शब्द कसा टिकन? एकाच तोंडातून निघाले दोन्ही."

 मी कप उचलला.

"थांबा," ते म्हणाले. खुर्ची पुन्हा मशीनकडे फिरवली, काहीतरी उघडलं, चष्मा वर-खाली केला, आणि बटण दाबलं. "हे अर्ध्या तिकिटाचं. नव्या भावानं. तुमचं."

"मले कायले?"

"तुमाले पुरावा म्हून दाखवलं मी. आता पुराव्यानंच गाडी नाही पकडली, तर कंपनी म्हनन, कंट्रोलर खोटं बोलला." मग म्हणाले, "मशीन इथंच ठेवतो. मोबाईलवाला त्याच्यात ताकद भरून देते म्हनते. मी पुण्याहून खेळतो. आता तुमचाबी इसार झाला, वैनी. फिरता येत नाही."

गूळ मी खालून आणला. साक्षीला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी खिडकीतून ओरडून शेजारणीला साक्षी केलं. तिला शेवटपर्यंत कळलं नाही कशाला.

खेळ निघाला त्या दिवशी सकाळी सुजाता गाडी घेऊन आली. हे जिना उतरले, आडवे होऊन, एकेक पायरी. खाली आल्यावर आवाज लावला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वाशीमहून पुण्याकडे जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." गल्ली दारात आली. सासुरवाडीला आलेला तो जावईसुद्धा होता.

मी विचारलं, "वापसीची कधी आहे?"

"चौकशी खिडकीवर करा," म्हणाले, आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

पाटी अजून तिथंच आहे. मी दुपारचं आवरलं की वर जाऊन बसते. लोक येतात, सवयीनं खिडकीशी उभे राहतात, गाड्या विचारतात. केनवड आणि रिठद मी बरोबर सांगते. बाकीच्या अंदाजानं.

पुण्याला त्यांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. सुजाता सांगते, लिफ्टमध्ये मजला येण्याआधीच बाबा मजला जाहीर करतात, आणि सोसायटीतल्या लोकांना आता ते ऐकल्याशिवाय चुकल्यासारखं वाटतं. आम्ही रोज एकेक चाल खेळतो. एक माझी, एक त्यांची. ते मेलेल्यांचं राज्य, मी बाभळी. मधे मोठा डोंगर. परवा नकाशा उघडला तर त्यांचा बोगदा डोंगराच्या बरोबर मधोमध येऊन थांबलेला. मी फोन लावला.

"भाऊ, बोगदा अर्धाच खनला. फौज आनता काय आतून?"

"फौज नाही. बस." मागं लिफ्टचा आवाज येत होता. "अन् अर्धं तिकीट तुमचं आहे ना? मंग अर्धा तुमी खना."

मी बाभळींना माझ्या बाजूनं डोंगर पोखरायला लावलं. चाल पूर्ण केली, त्यांच्याकडे पाठवली. आणि मग खुर्ची फिरवून, पडदा ओढून, रस्त्याकडे तोंड करून बसले. आता त्यांची पाळी होती.